मागच्या चाकाचं वजन

टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर निरीक्षकाने धापा टाकत बायकोला विचारलं, "कधीची थांबलीयेस?" आणि ती बुटाशी वाकून म्हणाली, "कुठे थांबले? लेस सुटली होती, ती बांधत होते." त्याने मान हलवली, सायकलवरून उतरला, पाणी प्यायला, खाली पसरलेल्या छपरांकडे आपणच ती बांधली असावीत अशा नजरेने पाहिलं, आणि दोघं परत निघाली. चांगला अर्धा उतार संपल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला की तिच्या बुटांना लेस नाहीच. पट्टी आहे. ओढायची आणि दाबून चिकटवायची. बूट त्यानेच आणून दिले होते, लेस साखळीत अडकते म्हणून मुद्दाम तसले शोधून. त्याने दोन्ही ब्रेक असे दाबले की मागचं चाक खडीवरून फरफटत आडवं आलं. पुढून बायकोने ओरडून विचारलं, काय झालं. "काही नाही, दगड होता," तो म्हणाला. दगड नव्हता. म्हणजे सकाळपासून दोन खोट्या गोष्टी झाल्या होत्या, दोघांची एकेक, हिशोब बरोबरीत. तरीही खाली येईपर्यंत त्याला बरोबरी झाल्यासारखं वाटेना.

तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानांतले काटे तपासायचे, वजनं तपासायची, शिक्का मारायचा किंवा मारायला नकार द्यायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचा लोकांवरचा विश्वास उडाला होता असं नाही, उलट लोकांबद्दल त्याला एक प्रकारची माया वाटायला लागली होती, कारण खोटं मापणारा माणूस किती कष्ट घेतो हे त्याने जवळून पाहिलं होतं. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारे, काट्याला पंख्याच्या वाऱ्यात ठेवणारे, वजनाच्या बुडाला भोक पाडून वर रंग देणारे. त्यांच्यावर तो कधी चिडला नाही. चिडला होता तो एकदाच, एका भाजीवालीवर, जिचा काटा गिऱ्हाइकाला दर खेपेला थोडं जास्तच देत होता. तिला ते माहीत होतं. असू दे की, म्हणाली, कुणाचं काय जातंय. तो म्हणाला, बाई, चूक ती चूक. ती म्हणाली, जास्त देणं पण गुन्हा का हो साहेब? आणि रांगेतले सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की जणू त्यानेच त्यांच्या पिशवीतला बटाटा काढून घेतला. त्याने काटा बंद केला, कागद केला, आणि घरी येऊन जेवताना बायकोला सांगितलं की जास्त दिलेलं मापही खोटंच असतं. तेव्हा बायको म्हणाली होती, "हो का? मग आमटी कमी वाढते."

आता तीच त्याला माप जास्त घालत होती. वर थांबायचं, आणि थांबलो नाही असं दाखवायचं. किती रविवार चाललं असेल हे? तो मागे मागे जात राहिला. त्याआधीच्या रविवारी ती चष्मा पुसत होती. त्याच्या आधी फोनवर काहीतरी बघत होती, आणि फोन उलटा होता हे त्याला आत्ता आठवलं. त्याच्याही आधी ती एका झुडपाकडे फार लक्ष देऊन बघत होती, झाडाझुडपांचा तिला कधी सोस नव्हता. सगळे पुरावे समोर होते आणि सरकारी नोकरीतल्या निरीक्षकाने एकाचीही नोंद घेतली नव्हती. याची लाज कमी वाटावी म्हणून तो आणखी मागे गेला, तर तिथे लग्नानंतरची पहिली वर्षं उभी होती. तेव्हा तो भराभर चालायचा आणि ती मागे राहायची. नव्या चपला, हातात पिशवी, कधी कडेवर मुलगी. तो पुढच्या वळणावर थांबायचा. थांबायचा, पण थांबलेलं तिला दिसेल असा. घड्याळ बघत, पाय बदलत, एकदा तर पेपर उघडून. तिच्यासारखं लेस बांधल्याचं नाटक काही त्याला कधी सुचलं नाही. त्याच्या बुटांना तर खरोखरची लेस असायची.

सायकली आल्या त्या डॉक्टरमुळे. मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, घर एकदम मोठं झालं आणि त्याचं पोटही. डॉक्टर म्हणाले, हालचाल करा. त्याने डोंगरात चालणाऱ्या दोन सायकली आणल्या, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, कारण दोन वेगळ्या घेतल्या तर कुणाची चांगली यावर बोलणं होतं. बायको आली ती सोबत म्हणून. पहिल्या महिन्यात ती गियर बदलताना डोळे मिटायची. मग तिने डोळे उघडले, आणि त्यानंतर सोबत जी पुढे गेली ती पुढेच. टेकडीवरचा तो घाट अर्धा डांबरी होता आणि अर्धा खडीचा. डांबर संपतं तिथपर्यंत तिची पाठ त्याला दिसायची. खडी लागली की आधी पाठ लहान व्हायची, मग वळणाआड जायची, आणि मग उरायचा तो स्वतःचाच श्वास, जो कुणा जाड्या अनोळखी माणसाने मागच्या बाकावर बसून घ्यावा तसा ऐकू यायचा.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वय झालं. निरीक्षक वर्षभराने मोठा होता बायकोपेक्षा, त्यामुळे वय हे कारण त्याने लगेच बाद केलं. पोट हे कारण त्याने थोडा विचार करून बाद केलं. मग संशयितांच्या रांगेत एकटा मागचा टायर उभा राहिला. जाडजूड, खोल दातांचा, सायकलबरोबर आलेला. डांबरावर तो घुंई असा आवाज करायचा, आणि आवाज म्हणजे फुकट गेलेला जोर हे निरीक्षकाला पटलेलं होतं. बायकोचाही टायर तसलाच, तस्साच आवाज करणारा, ही गोष्ट त्याला दिसली नाही असं नाही. पण तपासात एखादा कागद फायलीच्या तळाशी जातो, तसा तो मुद्दा तळाशी गेला. एकच गोष्ट त्याला हवी होती: एका तरी रविवारी वर पोचावं तेव्हा बायकोने काही सोंग करायची गरज पडू नये. कुणी आपल्यासाठी थांबलेलं नाही अशा माथ्यावर एकदा पाय टेकवावा.

सायकलच्या दुकानाची मालकीण गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या पोटऱ्यांकडे बघायची. निरीक्षकाने खांद्यावरच्या पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून गल्ल्यावर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, टायर घ्यायला आलात का धाड घालायला?"

"मागच्या चाकाला हवाय. हलका. आणि पळणारा."

"पळायचं तुम्हाला आहे. टायरने फक्त मध्ये यायचं नाही." तिने तीन टायर काढून समोर टाकले. "आणि हा काटा रोज बरोबर असतो?"

"घरचा आहे."

"ताईंना माहितीये?"

"ती कामावर आहे."

"म्हणजे नाही," मालकीण म्हणाली, आणि तिला एकदम गंमत वाटायला लागली.

त्याने पहिला टायर हातात घेतला. घडी घालून रबर बँडने बांधलेला, रुमालासारखा. दात जवळजवळ नव्हतेच. अंगठ्याने बाजू दाबली तर आतला अंगठा बाहेर जाणवला. नव्या रबराचा वास नाकात गेला आणि त्याला उगीचच शाळेचा पहिला दिवस आठवला. नवं दप्तर, नवे बूट, आणि यंदा आपण वर्गात पहिले येणार अशी ती दोन दिवस टिकणारी खात्री. त्याने टायर काट्यावर ठेवला. कागदी पट्टीवर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त भरला.

"लिहिलंय त्याहून जड आहे."

"शेजारी बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहिलंय. चष्मा लावा."

त्याने चष्मा लावला. लिहिलेलं होतं. त्याला कंपनीबद्दल आदर वाटला. मालकीण म्हणाली, "तो नका घेऊ. शर्यतीचा आहे. तुमच्या खडीत बाजू फाटेल आणि तुम्ही सायकल खांद्यावर घेऊन याल, आणि मग मला नावं ठेवाल. तो तिसराही नको, तो तुमच्या जुन्याचाच भाऊ आहे. हा मधला बघा."

मधल्याच्या मधोमध बुटके दात होते, एकमेकांना खेटून, बसच्या रांगेतल्यासारखे, मध्ये फट नाही. कडेला मात्र जरा उंच, वळताना धरायला. मालकिणीने तो गल्ल्यावर उभा करून ढकलला आणि तो काही न बोलता टोकापर्यंत गेला. "पुढच्याला पकड लागते," ती म्हणाली. "पुढचा घसरला तर तोंडावर. त्याला हात लावू नका. मागच्यावर तुमचं सगळं वजन असतं, म्हणून तो जितका सुटा फिरेल तितकं तुमचं बरं. चढावर उभं राहून पेडल मारू नका, बुड सीटवर ठेवा, नाहीतर हा खडीत नुसता गरगर फिरेल. एवढं जमेल?"

"बसून राहायची सवय आहे."

"ते दिसतंय. कुणाच्या मागे लागलाय एवढे?"

"बायकोच्या."

मालकीण हसली ती थांबेचना. मागे पंक्चर काढणारा मेकॅनिक बाहेर येऊन बघून गेला. "लोक लग्नाच्या आधी लागतात हो मागे," ती म्हणाली. "तुमचं सगळंच सावकाश." निरीक्षकाचे कान गरम झाले. तरी त्याने डोळे मिटून मधला एका हातात आणि तिसरा दुसऱ्या हातात तोलून पाहिला, काट्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तर आपल्या हाताला अजून कळतं का ते बघायला. कळलं. मधला उचलला जात होता, तिसरा ओढत होता. एवढाच फरक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, असं त्याच्या मनात आलं, आणि फेरे तर किती. तो एवढा खूश झाला की काटा गल्ल्यावरच विसरला आणि कोपऱ्यावरून परत आला.

शनिवारी संध्याकाळी बाल्कनीत त्याने टायर बदलला. बायको दारात उभी राहून बघत होती. "जुना गेला का?" "झिजलाय," तो म्हणाला. तिने भिंतीशी टेकवलेल्या जुन्या टायरवरून हात फिरवला, त्याचे सगळे दात जागच्या जागी होते, आणि ती चहा ठेवायला गेली.

रविवारी डांबरावर तो घुंई आवाज गेला. त्या आवाजाखाली इतका वेळ काय काय दडलं होतं ते त्याला आता ऐकू आलं: साखळीची बारीक किरकिर, कुणाच्या तरी खिडकीतल्या भांड्यांचा आवाज, बायकोच्या सायकलीचा घुमारा, आणि तो घुमारा जवळ होता. खडी लागली तेव्हा तिची पाठ लहान झाली नाही. बुड सीटवर दाबून, मान खाली घालून, पोटऱ्यांत सुया टोचत असताना तो तिच्या निळ्या शर्टाकडे असा बघत राहिला, जसं लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून आईच्या पदराकडे बघावं. शेवटच्या वळणावर मागचं चाक एकदा गरगरलं, त्याने मालकिणीचं नाव घेतलं, चाकाने परत धरलं. आणि तो वर पोचला तेव्हा बायकोचा एक पाय जमिनीवर होता आणि दुसरा अजून पेडलवर. तिने हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"आलात?" ती म्हणाली.

आलो होतो. त्याला वाटलं आता काहीतरी व्हायला हवं. वारा सुटला होता तसा सुटला होता. "पाणी आहे का तुझ्याकडे? किती वेळ लागला ग आपल्याला? ते निळं छप्पर आपल्या बाजूचं का? तू दम लागल्यासारखी दिसत नाहीयेस, लागलाय ना?"

"बाटली पिशवीत आहे. छप्पर शाळेचं आहे, आपलं पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे. हो, लागलाय." एका सुरात, पटापट, समोर न बघता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण घरातला नव्हता. ती मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायची. तिला डबा द्यायला तो एकदा गेला होता आणि रांगेत उभा असताना काचेआडून हाच आवाज ऐकला होता. एक्सरे तळमजला, डावीकडे. पुढे. डॉक्टर अकरानंतर. पुढे. त्याला वाटलं आता ती आपल्यालाही 'पुढे' म्हणेल.

त्याऐवजी तिने त्याच्या मागच्या चाकाकडे बघून विचारलं, "हा किती दिवस टिकतो?"

"पातळ आहे. फार नाही टिकायचा. एखादं वर्ष."

"अच्छा," बायको म्हणाली. आणि त्या एका अच्छामध्ये एवढी सुटका होती की ज्याने आयुष्यभर पारड्याची थरथर बघून माणसं ओळखली त्याला ती ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

तो खडीवर बसला. "तुझ्या बुटांना लेस नाहीये," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय. तुम्ही वर आलात की पहिलं विचारता, कधीची थांबलीयेस. बराच वेळ झाला म्हटलं की तुमचं तोंड उतरतं. आत्ताच आले म्हटलं की तुम्हाला वाटतं, थोडक्यात हुकलं, आणि पुढच्या वेळी जोर लावता. म्हणून लेस." तिने टायरकडे हनुवटी केली. "हे बघा, लावलातच."

"माझ्यासाठी थांबायचीस ते सरळ सांगायचं ना मग."

बायको हसली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. "अहो, आठवडाभर मी त्या खिडकीत असते. बाथरूम कुठे, रक्त कुठे द्यायचं, माझा नंबर कधी. एका माणसाने परवा मला विचारलं, माझं काय होईल. मी काय सांगू? घरी आले की लेकीचा फोन, आई, हे कसं करायचं, आई, ते कुठे मिळतं. मग तुम्ही. चष्मा कुठे, टॉवेल कुठे, आज काय वार आहे. आणि इथे वर," तिने हात पसरून दाखवलं, दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, खडी आणि वारा, "इथे कुणी काही विचारत नाही. तुम्ही येईपर्यंत."

"म्हणजे तू माझी वाट बघत नव्हतीस."

"बघत होते की. पण मला घाई नव्हती."

उतरताना तो मागे राहिला, आणि या वेळी मुद्दाम. त्याला नीट कळत नव्हतं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय का आपटल्यासारखं. आठवडाभर त्याने बायकोवर उपकार केल्याचा आरोप ठेवला होता. आता ती निर्दोष सुटली होती, आणि त्याला ते जरा लागलंच. ती दया करत नव्हती. ती कुणाला थोडं जास्त देत नव्हती, ती स्वतःसाठी थोडं काढून ठेवत होती, आणि त्यातलं त्याने आज सकाळी हसतहसत, नवा टायर लावून, सगळं संपवून टाकलं होतं. त्याला आठवलं, मुलगी लहान असताना बायको न्हाणीघरात फार वेळ लावायची. नळ चालू असायचा. तो बाहेरून दार ठोठावून विचारायचा, झालं का. तेव्हा तो पाणी वाया जाण्याचा हिशोब करत होता. आता त्या नळाखाली ती काय करत असेल हे त्याला दिसलं: काहीच नाही. स्टुलावर बसून काहीच नाही. आणि या दृश्याने का कोण जाणे त्याला हसू आलं, एकट्याला, उतारावर, वाऱ्यात, दातांना थंड लागेपर्यंत.

बुधवारी बायको कामावरून आली तेव्हा बाल्कनीत दोन्ही सायकली उलट्या उभ्या होत्या आणि तिचं मागचं चाक त्याच्या मांडीवर.

"माझ्या चाकाला काय करताय?"

"नवा तुझ्याला लावतोय. मापं एकच आहेत."

"मला कशाला? मी काय मागितला होता?" ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. "मला पुढे घालवायला निघालात का?"

"लवकर पोचशील," तो टायरची कड रिममध्ये दाबत म्हणाला, तिच्याकडे न बघता. "मी जुन्यावर येईन. मग तुला बराच वेळ मिळेल वर."

 खालून कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. "नंतर मनाला लावून घ्याल," ती म्हणाली.

"घेईन थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"काट्यावर ठेवून सांगतो."

तिने पर्स खाली ठेवली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि दोन्ही अंगठ्यांनी उरलेली कड आत ढकलली. "तुमच्या त्या जुन्याला अजून दात आहेत म्हणा," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त." आणि जराशाने, चाक फिरवून बघताना, "मालकिणीने सांगितलं मला, काट्याचं. ती अजून हसतेय."

पुढच्या रविवारी ती डांबर संपायच्या आतच दिसेनाशी झाली. आवाजही गेला, कारण घुंई करणारं चाक आता फक्त त्याचंच होतं. त्याला ते काही वाईट वाटलं नाही. एकट्या माणसाला गुणगुणणारं कुणी असावं तसं वाटलं. पण मधल्या काळात पोटऱ्यांनी काहीतरी शिकून घेतलं होतं, बुड सीटवर बसलं होतं, आणि खडीतून जाताना त्याच्या लक्षात आलं की जुन्या टायरवरही आपण नेहमीपेक्षा बरेच लवकर वर आलोय. शेवटच्या वळणाखाली तो थांबला. इथून माथा दिसत नव्हता, फक्त कड आणि तिच्यावर उघडं आभाळ. त्याने सायकल गवतात आडवी केली, एका दगडाची धूळ झटकली आणि बसला. घड्याळ काढून खिशात टाकलं, मग खिशातलंही वाजतंय असं वाटलं म्हणून पिशवीत टाकलं. शर्ट पाठीला चिकटला होता. एक मुंगी त्याच्या हातमोज्यावर चढली, मनगटापर्यंत जाऊन विचारात पडली आणि परत फिरली. इतक्या वर्षांत कुणाचीही वाट न बघता आणि कुणालाही वाट बघायला न लावता तो असा कधी बसला होता, हे त्याला आठवेना, आणि त्याने आठवायचा फार प्रयत्नही केला नाही.

खालून दोन कॉलेजच्या मुली सायकलवर आल्या, लालबुंद चेहऱ्याच्या, आणि त्याला बघून थांबल्या.

"काका, पंक्चर झालंय का? पंप देऊ?"

"नाही, सगळं ठीक आहे."

"मग बरं नाही वाटत का? माथा हा इथेच आहे, वळणाच्या पलीकडे."

"माहितीये," निरीक्षक म्हणाला. "तुम्ही जा. वर एक बाई उभ्या असतील. त्यांना काही विचारू नका."